नोटपॅड++ उघडलं आणि सेव्ह न केलेले सगळे टॅब गायब: आधी काय करायचं, काय टाळायचं

लक्षण नेहमी एकच असतं. सकाळी नोटपॅड++ हा मजकूर-संपादक (टेक्स्ट एडिटर, साधा मजकूर लिहायचा कार्यक्रम) उघडता, आणि काल रात्री जिथे चाळीस-पन्नास टॅब ओळीने मांडलेले होते तिथे एकच कोरा ‘न्यू १’ दिसतो. त्या टॅबांना नावं नव्हती, एकही सेव्ह केलेला नव्हता, आणि गेलं वर्षभर ते रोज आपोआप परत येत होते म्हणून कधी काळजीही वाटली नव्हती.

तुम्ही आत्ता याच अवस्थेत असाल तर पुढचं सगळं नंतर वाचा. आधी एवढंच करा: नोटपॅड++ आहे तसं राहू द्या. त्यात काही टाइप करू नका, ते बंद करून पुन्हा उघडून बघू नका, पुन्हा इन्स्टॉल तर मुळीच करू नका. सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, बॅकअप असं जा. तिथे ‘बॅकअप पाथ’ लिहिलेला असतो. त्या पत्त्यावरचा ‘बॅकअप’ फोल्डर शोधा आणि अख्खा फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करा. त्याच्या एक पायरी वर ‘सेशन.एक्सएमएल’ नावाची फाइल असते, तीही घ्या. कॉपी करायची, कट नाही. फोल्डर दिसत नसेल तर तो लपवलेल्या ‘ॲपडेटा’मध्ये आहे, फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘हिडन आयटम्स’ चालू करा.

बहुतेक वेळा मजकूर तिथेच असतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलत बहिणीचा फोन आला. ती अनुवादाचं काम करते, बँकांचे फॉर्म, माहितीपत्रकं, असं. तालुक्याच्या गावी घर, जुना डेस्कटॉप, यूपीएस नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास वीज गेली, सकाळी आली.

“दादा, सगळं गेलं रे. सत्तेचाळीस टॅब होते.”

“आत्ता समोर काय दिसतंय?”

“काही नाही. न्यू १. कोरा.”

“तसंच ठेव. कशालाही हात लावू नकोस, मी सांगतो तेवढंच कर.”

बॅकअप फोल्डर उघडल्यावर तिचा आवाजच बदलला. ओळीने फायली होत्या: ‘न्यू १२’, त्यापुढे ॲटचं चिन्ह, मग तारीख, मग वेळ. एकीलाही एक्स्टेन्शन नाही, त्यामुळे डबल क्लिक केलं की विंडोज विचारतं कशाने उघडू. पण मजकूर होता. सत्तेचाळीसपैकी चव्वेचाळीस फायली जशाच्या तशा मिळाल्या. उरलेल्या तिघींचं पुढे सांगतो.

मजकूर जागेवर असताना टॅब का गेले, हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. डॉन हो यांनी २००३ मध्ये हा संपादक पहिल्यांदा बाहेर आणला. सेव्ह न केलेले टॅब आपोआप जपायची सोय मात्र त्यात २०१४ मध्ये, ६.६ या आवृत्तीत आली. ती चालते अशी: तुम्ही टाइप करत असता तेव्हा ठरावीक वेळाने, मुळात ठेवलेला आकडा सात सेकंदांचा आहे, बदललेल्या टॅबचा मजकूर बॅकअप फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये उतरवला जातो. आणि सेशन.एक्सएमएलमध्ये यादी राहते: कोणते टॅब, कोणत्या क्रमाने, आणि कोणत्या टॅबचा मजकूर कुठल्या फाइलमध्ये. कार्यक्रम सुरू होताना आधी ही यादी वाचली जाते. यादी फाटली तर फायली तिथेच पडून राहतात, पण त्यांना कोणी बोलावत नाही. बहिणीच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं: वीज गेली त्या क्षणी यादीची फाइल लिहिली जात असावी, आणि ती खराब झाली.

म्हणून बंद-उघड करायचं नाही. बंद करताना नवी यादी लिहिली जाते आणि जुनी कायमची जाते. जुनी फाइल अर्धी फाटलेली असली तरी तिच्यात टॅबांचा क्रम असतो, आणि कोणती नोंद कोणत्या कामाची हे शोधताना त्या क्रमाचा फार आधार होतो.

या फोल्डरला ‘बॅकअप’ हे नाव मिळालं आणि तिथेच माणसं फसतात, असं माझं स्पष्ट मत आहे. बॅकअप म्हटलं की आपल्याला वाटतं मूळ कुठेतरी सुरक्षित आहे आणि ही त्याची दुसरी प्रत. नाव न दिलेल्या टॅबला मूळ नसतंच. ती फाइल हीच एकमेव प्रत असते. एकाच डिस्कवर, एका लपवलेल्या फोल्डरमध्ये, जिथे पेन ड्राइव्हवर कॉपी करणारा कोणी जात नाही आणि क्लाउडवर नेणारा कार्यक्रमही सहसा पोचत नाही.

मिळालेल्या फायली उघडताना

डेस्कटॉपवर कॉपी केलेल्या फायलीच उघडायच्या, मूळ फोल्डरमधल्या नाही. सगळ्या निवडून नोटपॅड++च्या खिडकीत ओढून टाकल्या तरी चालतं. मराठी मजकूर असेल तर तीन दृश्यांपैकी एक दिसतं.

पहिलं, मराठी नीट दिसतं. छान, लगेच नाव देऊन सेव्ह करा.

दुसरं, मराठीच्या जागी टोपी-टिंबं लावलेली रोमन अक्षरं आणि चलनाची चिन्हं यांची खिचडी दिसते. घाबरू नका, मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या चुकीच्या पद्धतीने, वाचला जातोय. ‘एन्कोडिंग’ मेनूत जाऊन वरच्या भागातला ‘यूटीएफ-८’ निवडा. खालच्या भागात ‘कन्व्हर्ट टू’ने सुरू होणारे पर्याय आहेत, त्यांना आत्ता हात लावू नका. वरचे पर्याय त्याच बाइट वेगळ्या रीतीने वाचतात, खालचे पर्याय बाइटच बदलतात. चुकीच्या वाचनावर ‘कन्व्हर्ट’ मारलं की खिचडी पक्की होते.

तिसरं, अक्षरांच्या जागी ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. हे वाईट. मजकूर ‘एएनएसआय’ (देवनागरी न साठवणारं जुनं एन्कोडिंग) टॅबमध्ये पेस्ट झाला तेव्हाच देवनागरी अक्षरं टाकून दिली गेली आणि त्यांच्या जागी खरोखरची प्रश्नचिन्हं बसली. ती परत वाचता येत नाहीत. हे पुन्हा होऊ नये म्हणून सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, ‘न्यू डॉक्युमेंट’ इथे एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, ते आजच बघा. जुन्या संगणकावरून आणलेल्या सेटिंगमध्ये एएनएसआय राहून गेलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्येही २०१९ पर्यंत सेव्ह करताना एएनएसआयच पुढे यायचं, विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून तिथे यूटीएफ-८ आलं.

आता बहिणीच्या त्या तीन फायली. उघडल्यावर पडदाभर काळ्या चौकटी, प्रत्येकीत पांढऱ्या अक्षरांत ‘एनयूएल’ (म्हणजे शून्य बाइट), एनयूएल, एनयूएल, खालपर्यंत. फाइलचा आकार मात्र अगदी बरोबर, अकरा केबी. त्यामुळे आशा वाटत राहते की आत काहीतरी असेल. नसतं. वीज जाते त्या क्षणी फाइलची लांबी डिस्कच्या नोंदवहीत चढलेली असते, पण खरा मजकूर अजून मेमरीतच असतो आणि डिस्कवर उतरायचा राहून जातो. लांबी आहे, आत सगळी शून्यं. त्या फाइलमधून कुठलाही रिकव्हरी कार्यक्रम अक्षरं काढून देऊ शकत नाही, त्यावर पैसे खर्च करू नका.

वेळ दुसरीकडे खर्च करा. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ बघा. विंडोजचे रिस्टोअर पॉइंट किंवा फाइल हिस्टरी चालू असेल तर कधी कधी आधीची प्रत सापडते. मग मजकुराचा माग काढा. तो कुणाला मेलने गेला होता का, व्हॉट्सॲपवर चिकटवला होता का, छापला होता का? बहिणीने तीनपैकी एक उतारा शंका विचारायला एका सहकारी बाईंना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तो तिथून जसाच्या तसा परत आला. दुसरा छापील फॉर्मवरून पुन्हा टाइप केला. तिसरी तिची शब्दसूची होती, चार वर्षं जमवलेली, ‘लीन’ला काय म्हणायचं, ‘हायपोथिकेशन’ला काय. ती गेली.

वीज गेली नव्हती, तरी टॅब गेले?

मग कारण बहुधा पुढच्यांपैकी एक आहे.

सेटिंग बंद होतं. त्याच बॅकअप पानावर दोन खुणा लागतात: पुढच्या वेळेसाठी सेशन लक्षात ठेवण्याची, आणि तिच्याखाली स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) व ठरावीक वेळाने बॅकअप घेण्याची. दोन्ही हव्यात.

बंद करताना ‘नो टू ऑल’ दाबलं गेलं. ‘क्लोज ऑल’ केलं की प्रत्येक टॅबसाठी सेव्ह करू का असं विचारलं जातं, आणि कंटाळून माणूस सगळ्यांना एकदम ‘नको’ म्हणतो. तेव्हा बॅकअप फायलीही पुसल्या जातात. खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीने पूर्ण कार्यक्रम बंद करणं आणि टॅब बंद करणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात टॅब जपले जातात, दुसऱ्यात जात नाहीत.

दुसरी खिडकी. दोन स्क्रीन असले की टॅबवर राइट क्लिक करून तो नव्या खिडकीत नेण्याचा मोह होतो. पण अशी उघडलेली खिडकी सेशनशिवाय चालते. तिच्यात तुम्ही उघडलेल्या नव्या टॅबांचा सात सेकंदांचा बॅकअप होतच नाही. दिसायला दोन्ही खिडक्या सारख्याच, तोच हिरवा सरडा, तोच टूलबार. फरक कळतो तो वीज गेल्यावर. शेजारी शेजारी दोन मजकूर बघायचे असतील तर नव्या खिडकीऐवजी ‘मूव्ह टू अदर व्ह्यू’ वापरा. त्याच खिडकीचे दोन भाग होतात आणि दोन्ही जपले जातात. दुसरी खिडकी लागतच असेल तर तिच्यात फक्त नाव असलेल्या, सेव्ह केलेल्या फायली उघडायच्या, हा नियम मी स्वतः पाळतो.

आणि चौथं कारण, सध्या सगळ्यात जास्त दिसणारं: नवा संगणक. विंडोज १०चा नियमित आधार (सपोर्ट) ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या फोनमधले बरेच याचेच असतात. एका ओळखीच्या वकिलांचं झालं ते सांगतो. दुकानात जुना संगणक देऊन नवा घेतला. दुकानदाराने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सगळं मन लावून कॉपी करून दिलं. लपवलेला ॲपडेटा राहिला, कारण त्यात काही कामाचं असतं हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. वकीलसाहेबांच्या तारखांच्या नोंदी, पक्षकारांचे मुद्दे, सगळं ‘न्यू ३’, ‘न्यू ८’मध्ये. जुनी डिस्क अजून फॉरमॅट झाली नव्हती म्हणून वाचलं. दुकानात फोन करून पहिलं वाक्य म्हटलं ते हेच: डिस्कला हात लावू नका.

फोल्डर नव्या संगणकावर आणूनही टॅब उघडले नाहीत, कारण जुन्या संगणकावर यूजरचं नाव ‘ऑफिस’ होतं आणि नव्यावर त्यांचं स्वतःचं. सेशन.एक्सएमएलमध्ये प्रत्येक टॅबपुढे बॅकअप फाइलचा पूर्ण पत्ता असतो, यूजरच्या नावासकट. पत्त्यावर घरच नाही, मग टॅब येणार कुठून? उपाय सोपा आहे, पण क्रम चुकवू नका. नव्या संगणकावर नोटपॅड++ इन्स्टॉल करा, एकदा उघडा आणि पूर्ण बंद करा. मग जुना बॅकअप फोल्डर आणि सेशन.एक्सएमएल जागेवर ठेवा. सेशनची फाइल विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये उघडा, जुन्या यूजरचा पत्ता शोधून सगळीकडे नवा घाला, सेव्ह करा. आता नोटपॅड++ उघडा. त्यांचे टॅब त्याच क्रमाने परत आले, शेवटचा उघडा होता तोसुद्धा.

डिस्क साफ करणारे कार्यक्रमही कधी कधी ॲपडेटात हात घालतात. ते चालवायचेच असतील तर आधी ते काय काय पुसणार याची यादी वाचा.

एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते

नाव दिलेल्या फायलीतला सेव्ह न केलेला मजकूरही फक्त बॅकअप फोल्डरमध्येच असतो. ‘अर्ज.टीएक्सटी’ ही फाइल डॉक्युमेंट्समध्ये आहे, तुम्ही तिच्यात दोन पानं भर घातली, कंट्रोल-एस केलं नाही, कार्यक्रम बंद केला. उद्या उघडल्यावर भर घातलेलं दिसतं, म्हणून वाटतं सेव्ह झालंय. झालेलं नाही. डॉक्युमेंट्समधली फाइल कालचीच आहे आणि दोन पानं बॅकअप फोल्डरमध्ये आहेत. ती फाइल मेलला जोडली किंवा पेन ड्राइव्हवर घेतली तर जुनीच जाते. टॅबवरची छोटी फ्लॉपी बघायची सवय लावा: लाल म्हणजे सेव्ह नाही, निळी म्हणजे झालं. पाठवण्याआधी लाल काहीही राहू देऊ नका.

‘सेव्ह सेशन’ हा पर्याय वापरूनही अनेकांची फसगत होते. तो फक्त फायलींचे पत्ते लिहून ठेवतो. नाव नसलेल्या टॅबचा मजकूर त्यात जात नाही.

साठलेले टॅब आवरायचे कसे

बहिणीचे चव्वेचाळीस टॅब आम्ही दोघांनी एका रविवारी फोनवर बसून आवरले, दोन तास लागले. एकेक टॅब उघडून बघायला गेलं तर दहाव्या टॅबला माणूस थकतो. त्यापेक्षा ‘विंडो’ मेनूतला ‘विंडोज’ हा पर्याय उघडा. सगळ्या टॅबांची यादी येते, नाव, पत्ता, आकार. आकाराच्या शीर्षकावर क्लिक केलं की क्रम लागतो. शून्य आकाराचे आणि चार-दोन अक्षरांचे टॅब एका बाजूला गोळा होतात: एखादा ओटीपी, अर्धा फोन नंबर, चुकून पेस्ट झालेली ओळ. ते एकदम निवडून बंद करा. तिच्या यादीतले सतरा टॅब असे पाच मिनिटांत गेले.

मोठे टॅब आधी सेव्ह करा, नाव कसंही असो. मधले राहतात, आणि खरा वेळ त्यांनाच लागतो. तिथे शोधाचा उपयोग करा. कंट्रोल-एफ दाबून ‘फाइंड ऑल इन ऑल ओपन्ड डॉक्युमेंट्स’ हे बटण सेव्ह न केलेल्या टॅबांतही शोधतं. आम्ही एकेका बँकेचं नाव शोधलं, खाली यादी आली, त्या बँकेचे सगळे तुकडे एका फाइलमध्ये जोडले. तेरा टॅबांच्या चार फायली झाल्या.

टॅब साठतात ते आळसाने असं मला वाटत नाही. सेव्ह करताना दोन प्रश्न एकदम अंगावर येतात, नाव काय आणि ठेवू कुठे, आणि हातातलं काम थांबवून त्यांची उत्तरं द्यायला मन तयार नसतं. म्हणून दोन्ही उत्तरं आधीच ठरवून ठेवायची. सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवही असते ना, आलेला कागद कुठल्या विभागाचा हे नंतर ठरतं, आधी आवक क्रमांक पडतो. बहिणीच्या डॉक्युमेंट्समध्ये ‘आवक’ नावाचा एक फोल्डर केला. नवा टॅब उघडला की एक शब्दही लिहिण्याआधी कंट्रोल-एस, नाव म्हणजे आजची तारीख आणि एक शब्द, जागा आवक. विभागणी महिन्याच्या शेवटी. हा फोल्डर क्लाउडवर जातो, त्यामुळे वीज, डिस्क, दुकान, कशाचंही काही झालं तरी प्रत दुसरीकडे असते.

तेवढंही जमत नसेल त्या दिवशी किमान टॅबवर राइट क्लिक करून ‘रीनेम’ करा. फाइल सेव्ह होत नाही, पण टॅबला नाव मिळतं आणि बॅकअप फायलीलाही तेच नाव लागतं. उद्या फोल्डर चाळायची वेळ आली तर ‘न्यू २३’पेक्षा ‘कर्ज फॉर्म’ शोधणं कितीतरी सोपं.

दुसरा संपादक वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. विंडोज ११च्या नोटपॅडमध्ये आता टॅब आहेत आणि तेही परत येतात, मात्र सेटिंगमध्ये मागचं सेशन उघडण्याचा पर्याय निवडलेला हवा. त्याचा मजकूर ‘टॅबस्टेट’ फोल्डरमध्ये वेगळ्या स्वरूपात राहतो, तो असा सहज उघडून वाचता येत नाही. व्हीएस कोडमध्ये ‘हॉट एक्झिट’ (सेव्ह न करता बंद केलं तरी मजकूर जपण्याची सोय) मुळातच चालू असतं, पण अनेक खिडक्या उघड्या असताना एकेक बंद केली तर ते लागू होत नाही, सेव्ह करू का असं विचारलं जातं. फोल्डर उघडलेल्या खिडक्यांसाठी तेही जपायला हवं असेल तर सेटिंगमध्ये ‘ऑनएक्झिटअँडविंडोक्लोज’ निवडा. आणि तिथला ‘ऑटो सेव्ह’ नाव नसलेल्या टॅबला लागू पडत नाही.

सेटिंग बदलल्यावर चाचणी घ्या, नुसत्या खुणेवर विसंबू नका. नवा टॅब उघडा, एक मराठी वाक्य लिहा, दहा सेकंद थांबा. बॅकअप फोल्डरमध्ये आजच्या तारखेची नवी फाइल आलेली दिसली पाहिजे. बाकीचं काम सेव्ह आहे याची खात्री करून मग टास्क मॅनेजरमधून नोटपॅड++ला ‘एंड टास्क’ करा आणि पुन्हा उघडा. वाक्य परत आलं, आणि मराठीतच आलं, तर सेटिंग बरोबर आहे. फाइलच तयार झाली नसेल तर तुम्ही बहुधा सेशनशिवाय उघडलेल्या दुसऱ्या खिडकीत आहात. सगळ्या खिडक्या बंद करून एकच उघडा आणि पुन्हा करून बघा.